आटपाडीच्या बाजारातनं पैदाशीचा मेंढा घ्यावा का?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका तरुण भावाचा प्रश्न आहे. घरच्या ३२ माडग्याळ (बाकदार नाकाची आपली जात) मेंढ्या, अर्धबंदिस्त सांभाळतो, जुना मेंढा विकून टाकला, आता मेंढ्या माजावर यायला लागल्यात, तर येत्या शनिवारी आटपाडीला जाऊन ४०-५० हजारापर्यंत एक देखणा नर आणायचा आणि आणला की लगेच मेंढ्यात सोडायचा, बाजारात बघताना काय काय बघू असं विचारलंय.

भाऊ, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. पण सगळ्यात आधी ते "आणला की लगेच सोडायचा" डोक्यातनं काढून टाका. बाकीचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं ऐका.

माझ्याकडं २६ वर्षं मेंढरं आहेत. वडलांचा फिरता वाडा, म्हंजे रानोरान हिंडणारा मेंढरांचा कळप, होता, मी एका जागेवर बसलो, सध्या ७० च्या आसपास मेंढ्या आहेत. एवढ्या वर्षात आठ नर विकत घेतले, त्यातले तीन भरल्या बाजारातनं, आणि त्या तिनातला एकच धड निघाला. म्हंजे मी बाजाराच्या विरोधात आहे असं नाही, आठवड्याच्या बाजारावर आपली सगळ्यांची चूल पेटते, विकायला मी पण तिथंच जातो. पण कापायचं बकरं विकत घेणं वेगळं आणि पैदाशीचा मेंढा घेणं वेगळं. कापायच्या बकऱ्यात जे घ्यायचं ते समोर दिसतं, हाताला लागतं, उचलून वजनाचा अंदाज येतो. पैदाशीच्या मेंढ्यात जे घ्यायचं ते निम्मं दिसतच नाही, आणि दिसतं त्यातलं निम्मं धुवून पुसून तेल लावून आणलेलं असतं.

२०११ ची गोष्ट सांगतो. बाजाराचं नाव घेत नाही, आणि विकणारा कोण होता ते आज सांगून उपयोग पण नाही. ज्येष्ठ संपत आला होता, माझ्या ४६ मेंढ्या होत्या आणि घरचा नर आदल्या वर्षी पायानं अधू झालेला. बाजारात एक मेंढा दिसला, पांढरा शुभ्र, अंगावर तांबूस ठिपके, नाक राघूच्या चोचीसारखं, चारदाती, १८ हजाराला सौदा झाला, तेव्हा ती रक्कम लई होती. घरी आणला, तीन दिवसांनी मेंढ्यात सोडला. दणादण चढायचा, एका दिवसात तीन तीन मेंढ्या, आम्ही सगळे खूश. आता मेंढी गाभण राहिली नाही तर १६-१७ दिवसांनी परत माजावर येते हे मला काय नवीन होतं का, पण पाऊस, चिखल, पेरणी, कुठली मेंढी कधी उलटली, म्हंजे परत माजावर आली, याचा कुणी हिशोब ठेवतंय. भादव्यात लक्षात आलं की हा अजून रोज चढतोयच. मग डॉक्टरांना दाखवला, त्यांनी खालनं हात घातला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, डाव्या गोटीच्या (वृषणाच्या) बुडाशी सुपारीएवढी टणक गाठ आहे, उजवीकडची पण सुरुवात आहे, दुखणं जुनं आहे, हा मेंढा कामाचा नाही. म्हंजे चढतो पण बीज नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो निघाला हेडी, म्हंजे जनावरांचा व्यापारी, त्यानं आदल्या आठवड्यात दुसऱ्या बाजारातनं आणलेला, त्याला काही माहीत नाही, आणि खरं सांगू का, त्याला खरंच माहीत नसेल.

४६ मेंढ्यांत त्या हंगामात ११ कोकरं झाली. चाळीसच्या आसपास धरून चाललो होतो. तेव्हा तीन-चार महिन्याचं कोकरू साडेतीन हजाराला जायचं, म्हंजे २९ कोकरांचे एक लाख गेले. वर उरलेल्या मेंढ्या पाव्हण्याचा नर आणून अश्विनात फळवल्या, त्या फाल्गुनात व्यायल्या, पुढं उन्हाळा, चारा नाही, आयांना दूध नाही, कोकरं निम्म्या वजनाची. मेंढा १८ हजाराचा, पण मला तो सव्वा लाखाच्या वर पडला. म्हणून ४० चा घेऊ का ५० चा घेऊ यावर डोकं लावू नका. ३२ मेंढ्यांचा एक हंगाम म्हंजे किती रुपये ते आधी कागदावर लिहा, तेवढे पैसे तुम्ही शनिवारी बाजारात डावावर लावताय.

आता हा विचार करा की चांगला, चालू, मेंढ्या फळवणारा नर कुणी बाजारात का आणेल. रास्त कारणं आहेत. त्या नराच्याच मुली वाड्यात माजावर यायला लागल्या की नर बदलावाच लागतो, शहाणा मेंढपाळ दोन वर्षांनी बदलतोच. घरात लग्न आहे, दवाखाना आहे, वाडा लांब निघालाय, पैसे पाहिजेत, हे पण खरं असतं. पण तसा नर असला की आजूबाजूच्या चार गावात आधीच बातमी असते, आणि बहुतेक वेळा तो बाजारात पोचायच्या आधी वाड्यावरच विकला जातो. बाजारात येतो तो बऱ्याचदा उरलेला. मेंढ्या उलटायला लागल्या म्हणून काढलेला, वाड्यात चार मेंढ्या गाभडल्या (गर्भ पडला) म्हणून काढलेला, माणसाच्या अंगावर येतो म्हणून, नाहीतर टकरीला वापरून मानेतनं गेलेला. (टकरी लावायला कायद्यानं बंदी आहे, तरी होतात, आणि असल्या मेंढ्याची शिंगाच्या बुडाशी कातडी बघा, जाड आणि फाटून भरलेली असते.) म्हणून पहिला प्रश्न किमतीचा विचारायचाच नाही. "का विकताय?" विचारायचं आणि गप्प बसायचं. दुसरा प्रश्न, "याची कोकरं बघायला मिळतील का, गाव कुठलं?" मालक असेल तर लगेच गाव सांगतो, वरनं "या की, दाखवतो" म्हणतो. हेडी असेल तर म्हणतो "कोकरं सगळी गेली, मागणीच एवढी हाय". ज्याची सगळी कोकरं गेली त्याच्यापुढनं आपण पण जायचं.

आणखी एक, दावं ज्याच्या हातात तो मालक असं समजू नका. नवखं गिऱ्हाईक दिसलं की हेडी मेंढा एखाद्या म्हाताऱ्या धनगराच्या हातात देतो, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, आपल्याला वाटतं अस्सल वाड्यावरचा माल. म्हाताऱ्याला विचारा याची आई किती वेताची, जोडीला कोण होतं. वाड्यावरच्या माणसाला हे तोंडपाठ असतं, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल. रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात तिथं पण दलालाला हात देऊ नका, दलालाला सौदा व्हायला पाहिजे असतो, तुमच्या मेंढ्या गाभण राहतात का नाही हे त्याच्या पोटाशी येत नाही.

बघायचं काय. सगळे लोक नाकापासनं सुरू करतात, तुम्ही खालनं सुरू करा. मेंढा उभा असताना मागनं दोन्ही हातानं वृषण धरायचे, लाजायचं नाही, बाजारात हसतात, हसू द्या. दोन्ही पाहिजेत, सारख्या आकाराचे पाहिजेत, पिशवीत मोकळे वरखाली सरकले पाहिजेत. दाबून बघितलं की पिकायला आलेल्या टोमॅटोसारखे लागले पाहिजेत, घट्ट पण थोडे लवचिक. पिलपिलीत लागले तर बीज कमी, दगडासारखे लागले तर आत दुखणं. मग बोटं बुडाशी न्यायची, तिथं दोन्ही बाजूला एकेक उंचवटा लागतो, तो निरोगी मेंढ्यात असतोच, बीज साठतं ते तिथंच, पण दोन्ही सारखे आणि मऊसर पाहिजेत. एक मोठा एक लहान, किंवा गाठ, किंवा हात लावला की मेंढा कळवळून खाली बसतोय, तर दावं मालकाच्या हातात परत द्या. माझे एक लाख त्या एका गाठीत गेले, आणि मी तिथं हातच लावला नव्हता, नाकच बघत बसलो.

पिशवीची कातडी पण बघा. खरूज असते तिथं, खपल्या, जाड झालेली चामडी. विकायच्या आदल्या दिवशी जळकं ऑइल चोपडून आणतात, वास येतो. ती नुसती खाज नाही. वृषण अंगापेक्षा थंड राहायला पाहिजेत म्हणून देवानं बाहेर लटकवलेत, तिथली कातडी सुजली की आत उष्णता वाढते आणि बीज मरतं. त्यासाठी लोकर पण वर करून बघा, माडग्याळला लोकर तशी थोडीच, पण नुकतीच कुठं तेवढ्या भागात कातरलेली दिसली तर का कातरली ते विचारा. मग शिश्नाचं तोंड, फोड जखम नाही ना. मग जबड्याखाली आणि खांद्यापुढं हात फिरवून गाठी बघा, फुटून भरलेल्या गाठीचा व्रण दिसला तर तो आजार वाड्यात गेला की पुन्हा निघत नाही. खूर उचलून वास घ्या, खूर सडलेला असला की नाक धरावं लागतं. मेंढा चालवून बघा, आणि दोनदा बघा, सकाळी आल्या आल्या आणि दुपारी, कारण लंगडणाऱ्याला सकाळी वेदनाशामक इंजेक्शन टोचून आणला तर दुपारपर्यंत चाल बदलू शकते. मागचे पाय दुखणारा मेंढा मेंढीवर चढणारच नाही, पुढचं सगळं कितीही बरं असलं तरी.

दातावर फार लिहीत नाही, तुम्हाला माहीत असणार. दोनदाती म्हंजे वर्ष-दीड वर्षाचा, चारदाती दोनच्या आसपास, सहादाती तीन, जुळला की चारच्या पुढं. मी दोनदाती-चारदातीच घेतो. अदत, म्हंजे अजून दुधाचे दात न पडलेला, घेऊ नका, अजून त्याचं काही सिद्ध झालेलं नसतं, आणि जुळलेला घेतला तर त्याचे चांगले दिवस दुसऱ्याच्या वाड्यात गेलेले.

पण दात बघताना जबडा बघा, माडग्याळमध्ये हे मला दातापेक्षा महत्त्वाचं वाटतं. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकले पाहिजेत. गेल्या दहा-पंधरा वर्षात नाकाचं वेड एवढं वाढलंय की बाक जेवढा जास्त तेवढा पैसा जास्त, २०२० ला आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखाची मागणी आल्याची आणि मालकानं दीड कोट सांगितल्याची बातमी सगळ्या देशात गेली, त्यानंतर तर प्रत्येकाला आपला मेंढा लाखातला वाटायला लागला. ज्याच्याकडं तो होता त्याच्या सांभाळाला मानलं पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आपण ३२ मेंढ्यांवाले, आपण नुसत्या नाकामागं लागलो की वरचा जबडा पुढं आणि खालचा मागं असली जनावरं तयार होतात, खालचे दात हिरडीच्या मागं हवेत. असल्या मेंढीला गव्हाणीत कुट्टी खाता येते, पण रानात बारीक गवत तोडता येत नाही, आणि तुमच्या माणदेशात उन्हाळ्यात बारीक गवताशिवाय आहे काय. हा दोष नराकडनं कोकरांत उतरतो. नर एक असतो पण कोकरं तीस असतात, मेंढीतला दोष एका कोकरात जातो, नरातला अख्ख्या खांडात जातो.

आता एक फसवणूक सांगतो जी गेल्या काही वर्षात लई वाढलीय आणि यात विकणारा बऱ्याचदा स्वतःच फसलेला असतो. "हा जुळ्याचा मेंढा हाय, याच्यापासनं मेंढ्या जुळी देतात." पाच-दहा हजार जास्त मागतात. भाऊ, मेंढी एक देणार का दोन ते तिच्या अंगातनं किती बीजांडं सुटतात त्यावर ठरतं, नराचा त्यात हात नाही. जगातला कुठलाही मेंढा आणून तुमच्या आजच्या ३२ मेंढ्यांत सोडला तरी त्याच्यामुळं त्या जुळी देणार नाहीत. त्याचा फायदा झालाच तर त्याच्या मुलींत, म्हंजे दोन वर्षांनी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हे काम खरोखर केलंय, बंगालच्या सुंदरबनात गरोळ म्हणून छोटीशी मेंढी असते तिच्यात जुळ्याचं एक जनुक आहे, ते दख्खनी मेंढीत आणून त्यांनी नारी सुवर्णा तयार केली. ते जनुक मेंढ्यात आहे का नाही हे रक्ताच्या डीएनए तपासणीतच कळतं, तोंडाकडं बघून, शिंगाकडं बघून, "हा स्वतः जुळ्यातला हाय" म्हणून कळत नाही. साधी मेंढी पण कधीमधी चारा चांगला असला की जुळं देते, तिचा पोरगा म्हंजे जुळ्याचा नर नाही. आणि दुसरं, मुलींनी जुळी दिली तरी दोन कोकरांचं दूध आईला पाहिजे, तुमच्याकडं तेवढा खुराक आहे का हे आधी बघा, नाहीतर जुळ्यातलं एक जगतं आणि मेंढी खंगते.

चरबीबद्दल. बाजारातला पैदाशीचा मेंढा तुपासारखा तुकतुकीत असतो, पाठीवरनं हात फिरवला तर मणका लागत नाही. लोक याला तब्येत म्हणतात. याला मी म्हणतो मका. विक्रीच्या आधी दोन-अडीच महिने भरडा, मका, कुणी दूध अंडी पण चारतं. असल्या मेंढ्याच्या पिशवीच्या मानेत सुद्धा चरबी बसते, ती ऊब धरते, बीजाला मार बसतो. उन्हात पाच मिनिटं चालला की धापा टाकतो. धान्य जास्त आणि पाणी कमी असलं की मूतखडा होतो, तो बाजारात कुणाला दिसत नाही, घरी आल्यावर आठ दिवसांनी मेंढा कुंथत उभा राहतो, थेंब थेंब लघवी, आणि मग बहुतेक वेळा कुणाच्या हातात काही उरत नाही. बकरी ईदसाठी तयार केलेला नर ईद झाल्यावर "पैदाशीचा" म्हणून विकायला आला की मी तर लांबूनच नमस्कार करतो. मला मणका हाताला लागणारा, जरा कमी दिसणारा, रानात फिरलेला मेंढा आवडतो, तो ५ हजार स्वस्त पण मिळतो कारण त्याच्याकडं कुणी बघत नाही.

ही झाली दिसणारी गोष्ट. न दिसणारी गोष्ट म्हंजे मेंढ्याबरोबर फुकट काय काय घरी येतं. एका दिवसात आटपाडी, सांगोला, लोणंद असल्या बाजारात पाच-सहा तालुक्यांतली, पलीकडं कर्नाटकातली पण जनावरं एकाच मैदानात नाकाला नाक लावून उभी असतात, एकाच हौदात पाणी पितात. तुम्ही घेतलेला मेंढा मालकाच्या घरनं निरोगी निघाला असला तरी बाजारात चार तास उभा राहिला तेवढ्यात पीपीआर, म्हंजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, घेऊन येऊ शकतो, आणि पहिले चार-सहा दिवस एकदम ठणठणीत दिसतो. मग ताप, नाक गळणं, तोंडात चट्टे, हगवण. देवीचं पण तसंच, लाळ्या खुरकूत पण तसंच, मावा (तोंडावरचे फोड) पण. आमच्या शेजारच्या गावात एकानं संध्याकाळी नर आणला आणि त्याच रात्री मेंढ्यात कोंडला, पंधरा दिवसात १९ जनावरं पुरली, लहान कोकरं सगळ्यात जास्त. नर जगला, बरं का. तो आजार काढून उभा राहिला आणि कोकरं गेली.

आणि ब्रुसेला. हा सगळ्यात चोर आजार, मेंढ्याला काही होत नाही, खातोय पितोय चढतोय, फार तर वृषणाला सूज, पण मेंढ्या चौथ्या महिन्यात गाभडतात. आणि हा माणसाला होतो. गाभडलेलं कोकरू, वार उघड्या हातानं उचललं की आपल्याला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधे धरतात, डॉक्टर मलेरिया टायफॉइड करत बसतात. यासाठी रक्त तपासणी होते, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातनं नमुना घेऊन जिल्ह्याला किंवा पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतो. एकदा नको, दोनदा करा, आल्यावर आणि महिन्यानं, कारण नुकतीच लागण असली तर पहिल्या तपासणीत निघत नाही.

म्हणून मेंढा घरी आणला की २१ दिवस तरी वेगळा, मी महिना ठेवतो. वेगळा म्हंजे त्याच गोठ्यात जाळी मारून नव्हे. लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्याची बादली वेगळी, चारा आधी घरच्या मेंढ्यांना आणि शेवटी त्याला, त्याच्याकडनं आलं की हातपाय धुवायचे. एकटा मेंढा ओरडून ओरडून खात नाही, सोबत एखादा खच्ची बकरा द्या, जो पुढं कापायलाच जाणार आहे. गाडीतनं उतरला की पहिल्या दिवशी धान्य अजिबात नाही, नुसता वाळला चारा आणि पाणी. तो आधी काय खात होता ते मालकाला विचारा, जमलं तर चार-पाच किलो विकत घेऊन या, आणि दहा-बारा दिवसात हळूहळू तुमच्या खुराकावर आणा, नाहीतर पोटात आम्ल होऊन तिसऱ्या दिवशी आडवा.

जंताचं औषध पाजायचंच, पण इथं एक गोम आहे. वर्षानुवर्षं एकच औषध अंदाजानं पाजून पाजून बऱ्याच वाड्यांत त्या औषधाला न मरणारे जंत तयार झालेत. मेंढा तेच घेऊन येतो, तुम्ही तेच औषध पाजता, जंत हसतात, आणि मेंढ्याच्या लेंड्यांतनं तुमच्या रानात पसरतात, मग पुढं तुमच्या सगळ्या मेंढ्यांना ते औषध लागू पडत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, लाल पाहिजे, पांढुरकी असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. डॉक्टरांना विचारून वेगळ्या गटाचं औषध द्या, पाजल्यावर दोन दिवस तरी बांधून ठेवा म्हंजे पडलेली अंडी रानात जाणार नाहीत, आणि दोन आठवड्यानं लेंड्या तपासून घ्या. लसीकरण पण ह्याच महिन्यात, पीपीआर, आंत्रविषार, देवी, कुठली झालीय ते माहीत नसेल तर झाली नाही असंच धरायचं. कानात बिल्ला असेल तर त्याचा १२ आकडी नंबर दवाखान्यात द्या, नोंद केलेली असेल तर तिथं दिसते. आणि बिल्ला नसलेलं जनावर आता घेऊच नका, जून २०२४ पासनं आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री, वाहतूक करता येत नाही. बाजार समितीची पावती पण घ्या, कुणी चोरीचा म्हणून दारात आला तर तेवढाच कागद कामाला येतो.

आता तो महिना वाया गेला असं वाटेल. गेला नाही. मेंढ्याच्या अंगात बीज तयार व्हायला सात आठवडे लागतात आणि बाहेर यायला आणखी दहा-बारा दिवस. म्हंजे आज जे बीज तो देतोय ते दोन महिन्यापूर्वी तयार व्हायला लागलेलं. पिकअपमधनं उन्हात चार तास उभा राहून आला, ताप येऊन गेला, खाणं बदललं, तर त्याचा परिणाम आज दिसत नाही, पुढच्या दीड-दोन महिन्यात दिसतो. म्हणून मी आता नर घ्यायचा तर हंगामाच्या दोन महिने आधी घेतो. आषाढ-श्रावणात फळलेली मेंढी मार्गशीर्ष-पौषात विते, तर नर वैशाखातच दारात पाहिजे. मेंढ्या माजावर आल्या की धावपळ करून घेतलेला नर म्हंजे लग्नाच्या सकाळी शोधलेला नवरा.

तुमच्या जागी मी असतो तर शनिवारी बाजाराला गेलो असतो, पण गाडी न घेता आणि खिशात हजारभर रुपये घेऊन. दिवसभर फिरायचं, विकायला आलेल्या कोकरांत एकसारखी, उंच, सरळ पायाची कोकरं कुणाकडं दिसतात ते बघायचं. कोकरं विकायला आणणारा माणूस खोटं बोलत नाही, त्याला तुम्हाला नर विकायचाच नसतो. त्याला विचारायचं नर कुठला, गाव कुठलं, आणि रविवारी त्याच्या वाड्यावर जायचं. तिथं नराची आई बघायची, तिची कास बघायची, बहिणी बघायच्या, थोरला भाऊ मेंढ्यात चालू असेल तर त्याची कोकरं बघायची. पैसे पाच-सात हजार जास्त जातील, जाऊ द्या. वाड्यावर विसार देऊन "रक्त तपासून आलं की बाकीचे देतो" म्हटलं तर दहातले चार जण तयार होतात. बाजारात असं बोललात तर तुम्हाला वेड्यात काढतील. सरकारच्या मेंढी-शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर पण चौकशी करा, तुमच्याच दहिवडीला आहे, रांजणीला आहे, नर मिळेलच असं नाही, नंबर लावावा लागतो, पण तिथं जनावराची नोंद असते. आणि जिथनं तुमच्या मेंढ्या आणल्या त्याच घरचा नर घेऊ नका, भाऊबहीण व्हायचे. बाजारात तर ते पण कळत नाही, आमच्याकडच्या एकानं स्वतःच विकलेल्या मेंढ्याचा पोरगा तीन वर्षांनी हौसेनं विकत आणला होता.

या माजावर आलेल्या मेंढ्यांचं काय, तर येऊ द्या. १७ दिवसांनी परत येतील, परत १७ दिवसांनी येतील. दीड महिना उशीर झालेलं कोकरू परवडतं, न झालेलं परवडत नाही. पाव्हण्याचा नर चार दिवस मागून आणू असं मनात येईल, तो पण बाजारच समजा, त्याच्या वाड्यात कुणी गाभडलंय का विचारल्याशिवाय आणू नका.

शेवटी सोडताना एक करा जे मी तेव्हा केलं नाही. मेंढ्याच्या छातीला पुढच्या दोन पायांच्या मधे गोडेतेलात कालवलेला गेरू लावा, एक दिवसाआड लावत राहा. ज्या मेंढीवर चढला तिच्या माकडहाडावर लाल डाग पडतो, वहीत नंबर लिहा. १७ दिवसांनी रंग बदला, निळा काळा काहीही घ्या. लाल डागावर निळा डाग पडलेल्या मेंढ्या मोजा. ३२ तल्या पाच-सहा उलटल्या तर काही नाही, वीस उलटल्या तर त्याच दिवशी मेंढा बाहेर काढून डॉक्टरकडं न्या, किंवा शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात बीज तपासायला घेऊन जा, मी नंतरचे दोन्ही नर तिथंच दाखवले. नवा दोनदाती नर असेल तर सगळ्या ३२ एकदम देऊ नका, पंधरा-वीस द्या, तरणा आहे म्हणून सगळ्या सोडल्या तर आठवड्यात निम्मा होतो.

काही बघून ठेवलात तर फोटो पाठवा. एक मागनं खालनं, एक तोंड उघडून जबड्याचा बाजूनं, एक पापणीचा. नाकाचा नको, नाक छानच असणार.